डीपी का जळते?



विजेच्या क्षेत्रात नोकरी केलेला माणूस भेटला की आपल्या सातारा-सांगलीकडे एक प्रश्न ठरलेला असतो, "आमच्या मळ्यातली डीपी सारखी का जळते?" आज त्याचंच उत्तर देतो.

डीपीवरचं रोहित्र म्हणजे लोखंडी गाभा, तारेची गुंडाळी आणि तेल. 1885 साली बुडापेस्टमध्ये बनलेल्या रोहित्राचंच तत्त्व आजही चालतं. लाइट आली की ऑटो-स्विचमुळे सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात, गुंडाळी तापते आणि खरड छाटणीनंतर द्राक्षबागेला पाणी हवं, नेमकी तेव्हाच डीपी जाते.

दुसरी अडचण नवी आहे. आपलं जाळं उभं राहिलं तेव्हा वीज एकाच वाटेने यायची, कोयनेसारख्या केंद्रातून गावाकडे. आता वनकुसवड्याच्या पठारावर, ढालगावला पवनचक्क्या आहेत. घरांवर सौर पॅनल आहेत. दुपारी वीज उलटी चढते, संध्याकाळी व्होल्टेज पडतं. साध्या रोहित्राला ते आपोआप सावरता येत नाही.

सॉलिड-स्टेट रोहित्राला ते येतं. त्यातले सिलिकॉनसारख्या अर्धवाहकाचे स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात. त्यामुळे गाभा लहान होतो, व्होल्टेज स्थिर राहतं आणि वीज दोन्ही दिशांनी नेता येते. अर्धवाहकावर मोठी वीज पेलणं महाराष्ट्राला नवीन नाही. चंद्रपूर ते पडघे ही 752 किलोमीटरची, 1500 मेगावॉटची एकदिश वाहिनी थायरिस्टरवरच चालते.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो. जुनं रोहित्र जादा भार काही काळ सोसतं. सिलिकॉन क्षणभरही फारसं सोसत नाही. शिवाय ते महाग आहे. म्हणून उद्या प्रत्येक मळ्यात ते येणार नाही. आधी सौर आणि पवन वीज जिथे जाळ्यात मिसळते, त्या उपकेंद्रांवर ते शोभेल. मळ्यात मात्र मोटारीला कपॅसिटर बसवा आणि ऑटो-स्विच काढा. कमी खर्चात डीपीचं आयुष्य वाढेल.

आपल्या बॅचने शाळेवर सौर पॅनल द्यायचं ठरवलंय. माझी विनंती एवढीच, की सोबत प्रयोगशाळेला एक उघडा इन्व्हर्टर आणि ऑसिलोस्कोप द्या. पॅनल शाळेचं बिल कमी करेल. उघडा इन्व्हर्टर पाहून एखादी मुलगी उद्याचं रोहित्र बनवेल.