उन्हानें वळणारी पट्टी

बीड जिल्ह्यांतील कपिलधार येथें मन्मथस्वामींची समाधि आहे. कार्तिकी पौर्णिमेस तेथें मोठी यात्रा भरते. गर्दीमागें उरणाऱ्या प्लॅस्टिकला आपण टाकाऊ म्हणतों. २०१८ सालीं महाराष्ट्रांत त्याच्या पिशव्यांवर बंदीहि आली. परंतु ह्या पदार्थाच्या अंगीं एक उपयुक्त गुण आहे.

पिशवीचें पॉलिएथिलीन किंवा चिकटपट्टीचें पॉलिप्रॉपिलीन तापलें, कीं तें पोलादाच्या सुमारें दसपट लांबतें. कागद मात्र फारसा लांबत नाहीं. कागदाची एक बाजू शिसपेनीनें काळी करावी, दुसरीवर चिकटपट्टी बसवावी आणि अरुंद पट्टी कापून उन्हांत धरावी. काळा रंग प्रकाश शोषून तापतो, प्लॅस्टिक लांबूं पाहतें, कागद त्यास अडवितो. म्हणून पट्टी कागदाच्या अंगास वळते. सावली येतांच ती पुन्हा सरळ होऊं लागते. चाक नाहीं, तार नाहीं, विजेचा घट नाहीं!

अशा पट्ट्यांपासून ऊन वाढतांच मिटणारी झडप, किंवा हलकी वस्तु अलगद उचलणारा चिमटा करतां येतो. त्यांचें बळ अल्प असतें, आणि फार तापल्यास प्लॅस्टिक मऊ पडतें, ह्या मर्यादा आहेतच. ह्या युक्तीनें यात्रेंतला कचरा संपणार नाहीं. तो आपणांसच उचलावा लागेल. मात्र उचलतांना तो पदार्थ काय करूं शकतो, हें ठाऊक असलेलें बरें.