आता तुझा डाव



भिलाईच्या कुठल्याही सेक्टरमधल्या क्वार्टरात डोकावा. आजी बाळाशी मराठीत बोलते, कामाला येणारी बाई छत्तीसगढीत, शेजारचे काका तेलुगूत आणि बाकी सगळे हिंदीत. फेब्रुवारी १९५९ मध्ये इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशभरातून माणसं आली, तेव्हापासून हे असंच चाललंय. त्यामुळे मूल उशिरा बोलायला लागलं की पहिला दोष भाषांना मिळतो. ‘‘पोर गोंधळलंय, घरात फक्त हिंदी बोला,’’ असा सल्ला येतो आणि बिचारी आजी मोडक्या हिंदीत बोलू लागते.

तसं करू नका. दोन-तीन भाषा कानावर पडल्या म्हणून बोलण्याचा विकार होत नाही. मुलाचे शब्द मोजायचे असतील तर सगळ्या भाषांतले मिळून मोजा. ‘मांजर’ही धरा आणि ‘बिल्ली’ही. मुलाला बोलायला दोन गोष्टी लागतात: बोलण्याचं कारण आणि बोलायला सवड. खेळात या दोन्ही मिळतात, मात्र आपण मोठ्यांनी थोडं गप्प बसायला हवं.

पोळ्याचंच घ्या. इथे त्याला पोरा म्हणतात. बाजारात मातीचे बैल येतात, चिमुकली चूल-भांडी आणि जाती येतात. विदर्भातून आलेल्या घरांना मुलांचा तान्हा पोळा आठवतो. असा एक बैल घ्या आणि मुलासमोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर जमिनीवर बसा. बैल ढकलताना म्हणा, ‘‘चल!’’ असं दोन-तीनदा झालं की बैलावर हात ठेवून थांबा. मनात पाचपर्यंत आकडे मोजा. मूल तुमच्याकडे बघेल, हात हलवेल, कदाचित नुसतं ‘‘च’’ म्हणेल. तेवढं पुरे. लगेच बैल पळू द्या. आपण आवाज काढला आणि काहीतरी घडलं, हे त्याला कळलं की बोलण्याची गोडी लागते.

मूल ‘‘बैल’’ म्हणालं, तर आपण म्हणायचं, ‘‘बैल आला.’’ ते ‘‘बैल आला’’ म्हणू लागलं, की आपण ‘‘मोठा बैल आला.’’ त्याच्या एकच पायरी पुढे राहायचं. ‘‘हे काय? रंग कोणता? म्हण बघू!’’ अशी सरबत्ती केली की खेळाची परीक्षा होते. आणि ते ‘‘बैय’’ म्हणालं तर चूक काढू नका. ‘‘हो, बैल!’’ एवढंच म्हणा. ‘र’, ‘ळ’ असे आवाज बऱ्याच मुलांना उशिराच जमतात.

तान्ह्या बाळाशी बुवा-कुक खेळा. थोडं मोठं झालं की आपडी-थापडी किंवा इथलं अटकन-बटकन. गाणं ओळखीचं झालं की शेवटचा शब्द आपण गिळायचा आणि मुलाकडे बघायचं. दोन-तीन वर्षांच्या मुलाशी भातुकली मांडा. पानाची पोळी होते, खड्याचा लाडू होतो. एका वस्तूच्या जागी दुसरी मानायची, ही कला भाषेलाही लागते, कारण शब्द तरी दुसरं काय करतो?

यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या वारली मुलांसाठी बालशिक्षण उभं केलं, ते शिंपले, पानं, बिया अशा आसपासच्या वस्तूंवर. बटण दाबताच गाणारं खेळणं मुलाला बोलायला जागाच ठेवत नाही. मोबाइलचंही तसंच, तो मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही. दोन वर्षांच्या आत पडदा नकोच, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते.

आता एक सावधगिरी. वर्ष झालं तरी मूल ‘बाबा-दादा’सारखे आवाज काढत नसेल, नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांनंतरही दोन शब्द जोडत नसेल, किंवा आलेले शब्द हरवत असतील, तर ‘‘याचे वडीलही उशिराच बोलले’’ म्हणून वाट पाहू नका. आधी कानांची तपासणी करून घ्या. ऐकू कमी येणारं मूल नजरेने इतकं टिपतं, की घरच्यांच्या लक्षातच येत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत मुलांची तपासणी करतात, त्यांना विचारा. उपचार चालू असतानाही घरचा खेळ चालूच ठेवा.

शिफ्ट करून आलेल्या आईवडिलांनाही दहा मिनिटं काढता येतील. टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत. खेळ मुलाने निवडायचा, भाषा तुमच्या तोंडी सहज येईल ती. आणि नियम एकच: आपलं एक वाक्य झालं, की पुढचा डाव मुलाचा. आजपासूनच करून पाहा आणि आजीला मराठीतच खेळू द्या.