गाण्याचा कौल

एकटा बसून गाणें ऐकणारा मनुष्य नुसता ऐकतो. चार माणसांत बसला, कीं तो परीक्षक होतो. ही संवय आजची नव्हे. कलगी आणि तुरा या दोन पक्षांचे शाहीर पूर्वी समोरासमोर उभे राहत. एकानें शक्ति श्रेष्ठ म्हणावी, दुसऱ्यानें शिव श्रेष्ठ म्हणावा, आणि सवालास जबाब देतां देतां रात्र सरावी. ऐकणारेही कोणत्या तरी एका पक्षाचे असत. पुढें हाच सामना दूरचित्रवाणीच्या पडद्यावर आला आणि चावडीची जागा घरांतील पुढच्या खोलीनें घेतली. फरक एवढाच, कीं चावडीपुढें गांवाचे दोन पक्ष पडत. येथें एकाच घराचे चार पक्ष पडूं लागले.

२००८-०९ सालीं झी मराठी वाहिनीवर झालेली 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स' ही बालगायकांची स्पर्धा महाराष्ट्रांतील असंख्य घरांनीं अशाच रीतीनें पाहिली. अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत हे परीक्षक होते. सूत्रसंचालन पल्लवी जोशी करीत. गुण आंकड्यांत न देतां सुरांत दिले जात, आणि 'वरचा सा' मिळणें हा मोठा मान समजला जाई. अखेरीस पांच मुलें उरलीं: आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, अलिबागची मुग्धा वैशंपायन, रत्नागिरी जिल्ह्यांतील प्रथमेश लघाटे आणि लातूरचा रोहित राऊत. या पांचांना लोक 'पंचरत्न' म्हणूं लागले.

हिंगोली जिल्ह्यांत, कयाधू नदीच्या कांठीं राहणारें एक शेतकरी कुटुंब श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावें. तशीं कुटुंबें त्या वर्षीं गांवोगांव होतीं. म्हणून त्यास नांवाची गरज नाहीं. पंढरीची वारी करणारे आबा, जात्यावरच्या ओव्या अजून मुखोद्गत असलेली आजी, हळदीचें पीक घेणारे वडील, घर आणि शेत दोन्ही सांभाळणारी आई, हिंगोलीस महाविद्यालयांत जाणारा मुलगा आणि पांचवींत शिकणारी मुलगी, अशीं सहा माणसें त्या घरांत होतीं.

आबांचा कौल कार्तिकीस होता. अभंग आणि गवळण ऐकत ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांना वारकरी वळणाचा तो मोकळा, खडा आवाज आपलासा वाटावा, हें साहजिक होतें. आई आर्येच्या पक्षाची. तिनें संगीताचें शिक्षण घेतलें नव्हतें. पण तिचें म्हणणें असें, कीं ही मुलगी गाते तेव्हां शब्दांतील एकही अक्षर पुसट होत नाहीं. प्रथमेशच्या नाट्यगीतांपाशीं मात्र आबा आणि आई यांचें न बोलतां एकमत होई. वडिलांनीं पहिल्या दिवसापासून रोहितची बाजू धरली होती. "लातूरचं लेकरू आहे, आपल्या मराठवाड्याचं. आपण नाही मत दिलं, तर पुण्यामुंबईची माणसं देणार आहेत का?" असें ते विचारीत. मुलगाही रोहितच्याच बाजूचा, परंतु त्याला लातूरचें कांहीं नव्हतें. नव्या चालीचें, जोरकस गाणें त्याला आवडे. बापलेकांचें मत एक आणि कारणें दोन, असा तो प्रकार होता.

आजीला मुग्धेचा लळा लागला. पांचांत ती सर्वांत लहान. तिचें गाणें संपलें, कीं आजी म्हणे, "एवढंसं लेकरू, इतक्या रात्रीचं जागतंय. कुणी दूध तरी दिलं असंल का त्याला?" यावर घर हंसे. परंतु त्या हंसण्याआड एक गंभीर गोष्ट होती. स्पर्धेचा दिवा ज्या मुलांवर पडतो, तीं मुलें आहेत, हें त्या घरांत एकट्या आजीच्याच ध्यानांत राहिलें होतें. पुढें जून २०१९ मध्यें केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयानें, नृत्याच्या स्पर्धांत मुलांना दाखवितांना संयम आणि संवेदनशीलता राखावी, अशी सूचना वाहिन्यांना केली. आजीची काळजी अगदींच भाबडी नव्हती, हें त्यावरून दिसतें.

वाद पेटे तो मत देण्याच्या वेळीं. घरांत भ्रमणध्वनि एकच, आणि मताचा संदेश साध्या संदेशाहून महाग. मुलगा म्हणे, दहा संदेश पाठवूं. वडील म्हणत, दोन पुरे. आई म्हणे, ज्याचें गाणें त्या दिवशीं चांगलें झालें त्यालाच द्यावें, मग तें मूल कोणत्याही गांवचें असो. एके रात्रीं आबा मध्येंच म्हणाले, "नामदेव महाराजांना कुणी मतं दिली होती रे?"

हा प्रश्न हिंगोली जिल्ह्यांतच विचारला जावा, असा आहे. कयाधूच्या कांठचें नरसी हें संत नामदेवांचें जन्मस्थान मानलें जातें. त्याच जिल्ह्यांतील औंढा नागनाथाच्या देवळाविषयींची कथा तेथील प्रत्येक घरास ठाऊक आहे. देवळापुढें चाललेलें नामदेवांचें कीर्तन कांहींना रुचलें नाहीं. त्यांनीं गायकास मागें जाण्यास सांगितलें. नामदेव मागें गेले आणि तेथें गाऊं लागले. तेव्हां देऊळच फिरलें आणि देवाचें मुख गाणाऱ्याकडे झालें. आबांचें म्हणणें असें, कीं गाण्यास मतांची गरज नसते. नातू हजरजबाबी. तो म्हणाला, "आबा, देऊळ फिरलं, तेच तर मत झालं ना!" आबा क्षणभर थांबले आणि हंसले.

परंतु वडिलांच्या प्रश्नास या कथेंत उत्तर मिळत नव्हतें. आपल्या भागाच्या मुलास आपण पुढें आणावें, यांत वावगें काय? मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता, आणि त्यानंतरही आपण मागें राहिलों ही खंत तेथील माणसाच्या मनांतून गेली नाहीं. लातूरचा एक मुलगा महाराष्ट्रापुढें उभा राहून गातो, याचा अभिमान वाटणें हा दोष नव्हे. मात्र 'आपला' या शब्दाची सीमा सदा हालत असते. लातूर हा जिल्हा १९८२ सालीं तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतून निघाला. हिंगोली १ मे १९९९ रोजीं परभणींतून वेगळी झाली. जिल्ह्याच्या रेघा सरकारच्या कागदावर बदलतात. सुराला त्यांचा पत्ता नसतो. नामदेवांचीं ६१ पदें शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबांत आहेत, आणि पंजाबांतील घुमान येथें त्यांचें स्थान आजही पूजिलें जातें. पंजाबच्या लोकांनीं गाणाऱ्याचा जिल्हा विचारला असता, तर तीं पदें तेथें टिकलीं असतीं काय?

फेब्रुवारी महिना आला. शेतांत हळद काढण्याची घाई आणि रात्रीं भारनियमन, असे ते दिवस होते. एके रात्रीं रोहितचें गाणें रंगांत आलें असतां वीज गेली. मुलगा चडफडला. आबा तें गाणें नेहमीं 'गोंगाट' म्हणत. काळोखांत घर गप्प बसलें असतां कोपऱ्यांतून पांचवींतल्या मुलीनें तेंच गाणें पुढें म्हणावयास सुरुवात केली. तिला पांचही मुलांचीं गाणीं पाठ होतीं. तिचा कौल कोणास, हें मात्र तोंवर घरांत कोणीं विचारलें नव्हतें. वाद्यांचा गजर नव्हता, रंगीत दिवे नव्हते. नुसती चाल उरली होती. आबांचा हात गुडघ्यावर ठेका धरूं लागला. गाणें संपल्यावर ते म्हणाले, "चाल बरी आहे की." गोंगाट कोणता आणि गाणें कोणतें, हें त्यांना अंधारांत निराळें दिसलें.

त्या रात्रीपासून वादाचा विषय बदलला. मुलगा म्हणाला, पुढच्या वर्षीं हिला निवडचांचणीस नेऊं. आईचे डोळे चमकले. वडिलांनीं मान खालीं घातली. हळद शिजून, वाळून बाजारांत जाईपर्यंत हातीं पैसा नव्हता, आणि चांचणीचीं शहरें दूर. पण आजीचा आक्षेप पैशाचा नव्हता. ती म्हणाली, "गळा चांगला हाय तिचा. पर अजून शिकलीच कुठं? आधी शिकू द्या, मग मोजायला न्या." त्या पांच मुलांच्या यशामागें काय आहे, हें आजीनें नेमकें सांगितलें होतें. कार्तिकीचे वडील स्वतः गायक आणि गाण्याचे शिक्षक. आर्येची आई शास्त्रीय गायिका. पडद्यावर दिसतात ते चार क्षण. त्यांच्या मागें घरांतील वर्षांनुवर्षांची पहाट असते, ती दिसत नाहीं.

निकाल लागला. कार्तिकी विजयी ठरली. आबांनीं हात जोडले, वडिलांनीं उसासा टाकला. दुसऱ्याच आठवड्यांत त्यांनीं गांवच्या भजनी मंडळांतील पेटी वाजविणाऱ्या वृद्धाकडे मुलीची शिकवणी ठरविली. ती पुढें कोणत्याही पडद्यावर दिसली नाहीं. परंतु एकादशीच्या भजनांत पहिला अभंग तिनें उचलावा, असा त्या गांवाचा रिवाज पडला, आणि पेटीवाल्याच्या मागें तिनेंच लहान मुलांना सूर लावावयास शिकविलें.

आणि त्या पांचांचें काय झालें? पांचही जण गाण्यांतच राहिले. २०२१ सालीं त्याच स्पर्धेचें नवें पर्व झालें, तेव्हां विजयी कार्तिकी आणि न जिंकलेले चौघे एकाच रांगेंत, सारख्याच मानानें, परीक्षक म्हणून बसले. एका रात्रीच्या कौलानें जें अंतर पाडलें होतें, तें बारा वर्षांच्या मेहनतीनें पुसून टाकलें.

म्हणून घरांत असा वाद होऊं द्यावा. तो मोडूं नये. 'मला आवडलें' येथें न थांबतां 'कां आवडलें' हें सांगावें लागलें, म्हणजे ऐकणाऱ्याचा कान तयार होतो. अभिमान असावा, पण तो आपला कान बंद करणारा नसावा. आणि आपल्या घरांतील एखादें मूल कोपऱ्यांत गुणगुणत असेल, तर त्याचा सूर मोजावयास नेण्यापूर्वीं आपण तो एकदां मन लावून ऐकला आहे ना, हें प्रत्येक घरानें स्वतःस विचारून पाहावें.