तीनशे पावलांवरची कुपी

(साहाय्यकांच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दर वर्षी या मेळाव्यात मी आकडे घेऊन उभी राहते. किती मुले अभ्यासवर्गाला आली, किती चादरी वाटल्या, किती पाड्यांवर गेलो. ते सगळे अहवालात छापले आहे, आपण घरी वाचालच. आज मला एकाच दुपारबद्दल बोलायचे आहे. त्या दुपारी माझ्या हातून चुका झाल्या, म्हणून सांगायला जड जाते. पण ज्यांच्या मदतीवर हे काम चालते, त्यांच्यापासून चुका लपवून ठेवणे बरे नाही.

पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ भागातली एक सरकारी आश्रमशाळा. नाव सांगत नाही, कारण जे घडले ते कुठल्याही शाळेत घडले असते. दिवाळीची सुट्टी संपून मुले नुकतीच परतली होती. शनिवारची सकाळची शाळा सुटली होती आणि मी अभ्यासवर्गासाठी गेले होते. भोजनगृहामागचे गवत काढताना मुलींचा धक्का जुन्या पत्र्याला लागला. त्याखाली गांधीलमाश्यांचे पोळे होते. मुली ओरडत पळाल्या. चारपाच जणींना डंख बसले. त्यांत पाचवीतली एक वारली मुलगी होती. तिला मानेवर दोन आणि हातावर एक, असे तीनच डंख होते. बाकीच्या मुली रडत होत्या, ही शांत बसली होती. म्हणून आमचे लक्ष रडणाऱ्यांकडेच जास्त गेले.

दहाएक मिनिटांत तिच्या अंगावर गांध्या उठल्या. ओठ जाड दिसू लागले. ती म्हणाली, "ताई, पोटात दुखतंय," आणि तिला उलटी झाली. आवाज बसल्यासारखा येत होता. मला वाटले, घाबरली आहे. स्वयंपाकाच्या मावशींनी डंखावर चुना लावला. मी माझ्या पिशवीतली अंग खाजल्यावर घ्यायची गोळी तिला दिली, पाणी पाजले आणि डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. प्रार्थना केली याची मला लाज नाही. पण प्रार्थनेच्या बरोबर जे करायला हवे होते, ते मला ठाऊकच नव्हते.

मग श्वासाला शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तेव्हा धावपळ सुरू झाली. शाळेची जीप बाजाराला गेलेली. फोनला रेंज नाही, त्यासाठी टेकाडावर चढावे लागते. एक सर तिकडे पळाले आणि त्यांनी १०८ ला फोन लावला. पण रुग्णवाहिका घाट चढून येईपर्यंत थांबायचा धीर आम्हाला नव्हता. मुलीला उठवले, चालवत फाटकापर्यंत नेले, मोटरसायकलवर एका सरांच्या मागे बसवले आणि तिला धरून मी मागे बसले. सतरा किलोमीटरवर प्राथमिक आरोग्य केंद्र. अर्ध्या वाटेवर तिची मान माझ्या हातावर सैल पडली. त्या वळणावरून आजही जाते तेव्हा माझा हात आपोआप घट्ट होतो.

डॉक्टरांनी तिला पाहताच झोपवले, पाय उंच केले आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला इंजेक्शन दिले. ऑक्सिजन लावला. काही मिनिटांनी दुसरे दिले. मग तिने डोळे उघडले आणि आईला हाक मारली. सांगायला आनंद वाटतो की मुलगी वाचली.

रात्री डॉक्टरांनी मला विचारले, "तुमच्या शाळेच्या शेजारीच उपकेंद्र आहे ना? सिस्टर नव्हत्या का आज?"

सिस्टर होत्या. आपल्या खोलीत नोंदवह्या लिहीत बसल्या होत्या. लसीकरणानंतर एखाद्या बाळाला अशीच तीव्र प्रतिक्रिया आली तर लागेल, म्हणून त्यांच्या पेटीत हेच औषध होते. आमची मोटरसायकल त्यांच्या दारावरून गेली. नंतर एकदा मी शाळेच्या पायरीपासून उपकेंद्राच्या दारापर्यंत चालत गेले आणि मोजले. तीनशे पावले भरली.

त्या आजाराला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. आपण "ॲलर्जी" म्हटले की शिंका, पुरळ, खाज असे काही समजतो. हे त्याच कुळातले, पण जिवावर उठणारे. माशीचा डंख, शेंगदाणा, अंडे, मासळी, एखादे औषध, यांपैकी काहीतरी एखाद्याच्या शरीराला शत्रू वाटते आणि शरीर आपल्याच रक्षणासाठी इतका उठाव करते की घसा सुजतो, श्वासनलिका आवळतात, रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्तदाब घसरतो. फ्रान्समधल्या शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए यांनी १९०२ साली या प्रकाराला नाव दिले आणि त्या संशोधनाबद्दल रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे ही माहिती शंभराहून अधिक वर्षे जुनी आहे. ती डोंगरावरच्या शाळेत पोचलेली नाही, इतकेच.

त्यावरचे पहिले औषध ॲड्रिनॅलिन. ते आवळलेली श्वासनलिका उघडते, सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळते आणि हृदयाला जोर देते. मी दिलेली गोळी खाज कमी करते, बंद होणारा घसा उघडत नाही. आणि मी तिला चालवले ही त्याहून मोठी चूक होती. रक्तदाब घसरलेल्या माणसाला उभे केले की हृदयाकडे परतणारे रक्त आणखी कमी होते आणि तेवढ्यानेही जीव जाऊ शकतो. अशा मुलाला आडवे ठेवावे आणि पाय उंच करावेत. श्वासाला फार त्रास होत असेल तर पाय लांब करून टेकून बसवावे, उलटी होत असेल तर कुशीवर वळवावे. पण उभे करू नये, चालवू नये.

हे दुःख आपल्या एकट्याच्या वाट्याला आलेले नाही. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात २००३ साली तेरा वर्षांची एक विद्यार्थिनी शाळेच्या उपाहारगृहात खाल्ल्यानंतर अशीच गेली. तिचे औषध शाळेतच होते, पण लॉकरमध्ये. त्यानंतर तिथे "सब्रिनाचा कायदा" झाला आणि १ जानेवारी २००६ पासून लागू झाला. त्याने प्रत्येक शाळा मंडळाला ॲनाफिलॅक्सिसचे धोरण ठरवणे आणि कर्मचाऱ्यांना नियमित प्रशिक्षण देणे बंधनकारक केले. अमेरिकेत २०१३ साली केंद्र सरकारने कायदा केला. जी राज्ये सरकारी शाळांत हे औषध आणि ते देऊ शकणारे प्रशिक्षित कर्मचारी ठेवणे सक्तीचे करतील, त्यांना मुलांच्या दम्यासाठीच्या काही अनुदानांत प्राधान्य मिळू लागले. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून शाळांना असे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकत घेऊन ठेवता येते.

त्या देशांत शिक्षकाच्या हाती पेनासारखे साधन असते. मांडीवर दाबले की ठरलेली मात्रा आपोआप जाते. आपल्याकडे ते सहज मिळत नाही आणि परवडतही नाही. आपल्याकडे आहे ती काचेची छोटी कुपी. तिची किंमत फारशी नाही आणि ती देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. पण मात्रा मुलाच्या वजनावर ठरते. एक मिलिलिटरच्या कुपीत एक मिलिग्रॅम औषध असते आणि पंचवीस किलोच्या मुलाला साधारण त्याचा चौथा भाग पुरतो. घाईत अख्खी कुपी भरली तर तेही धोक्याचे. म्हणून शिक्षकांनी सिरिंज हातात घ्यावी असे मी म्हणत नाही. घटनेनंतरच्या बैठकीत एक सर म्हणाले, "इंजेक्शन आमचं काम नाही. उद्या काही झालं तर जबाब कोण देणार?" त्यांची भीती खरी होती आणि मी ती मान्य केली. पण ओळखणे, झोपवणे आणि धावणे हे तर सगळ्यांचे काम आहे. प्रशिक्षित परिचारिकेला लसीकरणानंतरच्या अशा प्रसंगी पहिली मात्रा देण्याची मुभा आहेच. आमच्या मुलीसाठी पहिला पूल तिथेच होता.

मग आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना विनंती केली आणि त्यांनी एक सकाळ दिली. मुख्याध्यापक, अधीक्षिका, शिक्षक, कामाठी आणि स्वयंपाकाच्या मावशी, सगळ्यांना बसवले. मावशींना बोलवायची काय गरज, असे कोणीतरी म्हणाले. पण रविवारी, सुट्टीत, पहाटे आणि जेवणाच्या वेळी मुलांजवळ असतात त्या मावशीच.

डॉक्टरांनी साधी खूण सांगितली. डंखानंतर किंवा काही खाल्ल्यावर थोड्याच वेळात अंगावर गांध्या किंवा सूज आली आणि त्यासोबत श्वास, आवाज, पोट किंवा शुद्ध यांपैकी कशातही बिघाड झाला, तर वाट पाहायची नाही. गांध्या नसल्या आणि नुसता श्वास अडला, तरीही नाही. एकाने मुलाला झोपवून जवळ थांबायचे. दुसऱ्याने सिस्टरांकडे धावायचे. तिसऱ्याने टेकाडावर जाऊन १०८ लावायचा. इंजेक्शननंतर मूल हसू लागले तरी दवाखान्यात न्यायचेच, कारण काही तासांनी त्रास उलटू शकतो.

मग सराव केला. पहिल्या वेळी सिस्टरांपर्यंत निरोप पोचायलाच नऊ मिनिटे लागली. कारण प्रत्येकाला वाटले, दुसरा कोणीतरी गेला असेल. तेव्हा वारांप्रमाणे नावे लिहून फळ्याशेजारी तक्ता लावला. तिसऱ्या सरावात सिस्टर तीन मिनिटांत दारात होत्या.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. मुलीची आई पाड्यावरून दवाखान्यात आली, तेव्हा मी तिला विचारले, आधी कधी असे झाले होते का? ती म्हणाली, "मागल्या सालीबी शेतावर माशी डसली, तवा अशीच फुगली होती. भगताकडं नेली होती. पन आमाला कोनी इचारलाच नाय."

बंधूंनो आणि भगिनींनो, प्रवेशाच्या अर्जात "ॲलर्जी: आहे / नाही" असा रकाना होता. त्यात "नाही" लिहिलेले होते. ते लिहिणाऱ्याने आईला तो शब्द वाचून दाखवला असेल आणि तिने मान हलवली असेल. आता आम्ही तो शब्द वापरत नाही. माशी डसून अंग फुगले होते का? काही खाऊन ओठ सुजले, दम लागला असे झाले का? दवाखान्याच्या सुईनंतर किंवा गोळीनंतर चक्कर आली होती का? असे तीन प्रश्न पालकांच्या बोलीत विचारतो. उत्तर "हो" आले तर नाव डॉक्टरांकडे जाते, आणि अंड्याचा किंवा शेंगदाण्याचा प्रश्न असेल तर मावशींकडेही.

सगळे जमले असे मात्र नाही. सिस्टरांकडे अनेक पाडे आहेत आणि त्या गावोगाव फिरतात. त्या नसतील त्या दिवशी आमची तीनशे पावले पुन्हा सतरा किलोमीटर होतात. अशा वेळी कुपी कोणी, कोणाच्या लेखी सूचनेने वापरायची, हे आम्ही अर्ज करून विचारले आहे. उत्तर अजून आलेले नाही. आम्ही विचारत राहणार आहोत.

दहा कुमारींचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. मी तो कित्येकदा शिकवलाही आहे. पण एक गोष्ट मला त्या दुपारनंतरच दिसली. झोपल्या तर दहाही जणी होत्या, शहाण्या पाचसुद्धा. दिवे दहाही जणींकडे होते. फरक होता तो बरोबर घेतलेल्या तेलाचा. हाक मध्यरात्रीच येते आणि तेव्हा तेल आणायला बाजारात जाता येत नाही. आमच्याकडे तर तेलही दारात होते. ते कुठे आहे, हे कोणी कोणाला विचारले नव्हते.

म्हणून आज मी आपल्याकडे मोठी रक्कम मागत नाही. या मंडळीत डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. वर्षातून दोन दिवस द्या. शाळा सुरू होताना जूनमध्ये एक आणि दिवाळीनंतर एक. कर्मचारी बदलतात, शिकलेले विसरते, म्हणून दोन. ज्यांना येणे जमणार नाही, त्यांनी आपल्या मुलांच्या, नातवंडांच्या शाळेत जाऊन एवढेच विचारावे: एखाद्या मुलाचा श्वास अचानक अडला, तर तुमच्याकडे पहिला कोण धावेल आणि कुठे?

ती मुलगी आता सातवीत आहे. यंदा जूनमध्ये नव्या मुली आल्या, तेव्हा तिने त्यांना उपकेंद्राची वाट दाखवली. कोणी सांगितले नव्हते. दोघींचे हात धरून पुढे चालत होती आणि मोठ्याने पावले मोजत होती.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.