पोरगी सोशिक की आजारी?



वारंवार डोके दुखते म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला आपण बहुधा दोनच गोष्टी सांगतो: चष्म्याचा नंबर काढ, नाहीतर बहाणे सोड. मी तिसऱ्या शक्यतेविषयी बोलणार आहे.

कवटीच्या तळाशी एक मोठे छिद्र असते. काही मुलांत कवटीची मागची बाजू जन्मतः अपुरी घडते आणि लहान मेंदूचा खालचा भाग त्या छिद्रात बुचासारखा उतरतो. हान्स चियारी यांनी 1891 साली प्राग येथे याचे वर्णन केले. म्हणून ही चियारी विकृती. जन्मजात असूनही तिची लक्षणे पुष्कळदा शाळकरी वयात किंवा त्याहून उशिरा दिसतात. कित्येकांना तर जन्मभर काहीच त्रास होत नाही.

तेव्हा दुखते कुठे आणि केव्हा, हे विचारा. खोकताना, शिंकताना, खळखळून हसताना डोक्याच्या मागे, मानेपाशी कळ येते व थोड्या वेळात ओसरते. मूल हसणे टाळू लागले, तर त्याला घुमे म्हणू नका.

दुसरी खूण अधिक फसवी. मेंदूभोवतीच्या पाण्याची वाट अडली की मज्जारज्जूच्या मध्यभागी पोकळी होऊ शकते. वेदना आणि उष्ण-थंड कळवणारे तंतू तिथेच एकमेकांना ओलांडतात. म्हणून आधी तेच निकामी होतात. स्पर्श कळतो, चटका कळत नाही. भाकरी करताना मुलीचे बोट भाजते, आणि फोड दिसल्यावर तिला समजते. आपण कौतुकाने म्हणतो, पोरगी मोठी सोशिक!

पाठीचा कणा वाकणे, हाताची पकड सैल होऊन अक्षर बिघडणे, पाणी पिताना ठसका, चालताना तोल जाणे, हेही ध्यानात ठेवा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच राज्यात, पालघर येथे सुरू झाला. त्याचे पथक शाळेत येईल तेव्हा अशा मुलाला मुद्दाम पुढे करा. पण तोवर वाट पाहू नका, ग्रामीण रुग्णालयात दाखवा. साध्या एक्स-रेत मेंदू दिसत नाही, एमआरआय लागतो. जळगाव जामोदहून नागपूर दूर खरे, पण तेथील शासकीय सुपर स्पेशालिटी रुग्णालयात मेंदूचे शल्यचिकित्सक आहेत. गरज असल्यास मागचे थोडे हाड काढून जागा करतात. हाताची गेलेली ताकद मात्र पुरती परत येईलच असे नाही. म्हणून ही घाई.

तपासणी होईपर्यंत मुलाची मान कोणाकडूनही मोडून घेऊ नका. आणि पी. टी. च्या गुरुजींनो, त्याला कोलांटउडीचा आग्रह नको.