नेवाळकर : कोटहून पारोळ्याला

झाशीच्या राणीचे सासरचे आडनाव नेवाळकर.
हे आडनाव आज फार थोड्या घरांत आढळते.
त्याचा माग काढला, तर तो कोकणातून निघतो…
खानदेशात पारोळ्याला येतो…
आणि पुढे बुंदेलखंडात झाशीला पोचतो.
मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले कोट.
पारोळ्याला या घराण्याची जहागीर होती.
गावाच्या मध्यभागी, बाजाराला खेटून उभा असलेला भुईकोट किल्ला त्याच जहागिरीची खूण.
खंदकाचे दगडी बांधकाम आजही दिसते.
अठराव्या शतकात रघुनाथ हरी नेवाळकर झाशीचे सुभेदार झाले.
म्हणून मला वाटते, हे आडनाव पसरले ते जहागिरीच्या आणि सुभेदारीच्या वाटेने.
जिथे कामगिरी, तिथे घर.

कोणी विचारेल, मग झाशीकडे आज नेवाळकरांची वस्ती का नाही?
प्रश्न रास्त आहे.
उत्तर इतिहासात आहे.
१८५४ मध्ये इंग्रजांनी झाशी खालसा केली.
१८५८ मध्ये राणी लक्ष्मीबाई धारातीर्थी पडल्या.
दत्तकपुत्र दामोदरराव पुढे इंदूरला राहिले.
तिथे त्यांच्या वंशजांनी झाशीवाले हे आडनाव लावले.
म्हणजे वंश चालू राहिला… आडनाव मात्र बदलले.
केवळ नावांच्या यादीवरून घराण्याचा शोध घेणारा इथेच चुकतो.
आडनाव आणि गाव, दोन्ही सोबत पाहावे लागतात.

पारोळेकर श्रोतेहो, तुमच्या घरी जुनी वंशावळ, सनद किंवा मोडी कागद असेल…
तर तो रद्दीत घालू नका.
मोडी जाणणाऱ्याकडून एकदा वाचून घ्या.