चेंडू आणि मत

श्रोतेहो, मैदान गाजवणारा खेळाडू पुढे कारभारातही वर चढतोच, असे तुम्हांला वाटते ना? मग २ सप्टेंबर २०२२ चा निकाल पाहा. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या अध्यक्षपदासाठी दोन माजी खेळाडू उभे होते. गोलरक्षक कल्याण चौबे यांना ३३ मते पडली. नामवंत कर्णधार बायचुंग भुतिया यांना अवघे १! कारण मते प्रेक्षकांची नव्हती, राज्य संघटनांची होती. २०१९ मध्ये जागतिक संघटनेच्या, म्हणजे फिफाच्या, परिषदेवर निवडून गेलेले पहिले भारतीय आपल्या गोंदियाचे प्रफुल्ल पटेल. ते तर राजकारणातले. तेव्हा मालेगावच्या तरुणांनो, चेंडू जरूर खेळा. पण आपल्या क्लबाची वार्षिक सभाही चुकवू नका. वरची वाट तिथूनच सुरू होते.